डोंगरावरची हार्ड डिस्क आणि साटा टू यूएसबी

दस्तुरी नाक्यापलीकडे माथेरानात मोटार जात नाही. तिथून पुढे सामान जाते ते घोड्याच्या पाठीवरून, हमालाच्या डोक्यावरून, हातगाडीवरून किंवा अमन लॉजपासून सुटणाऱ्या मिनी ट्रेनच्या शटलने. पीरभॉय घराण्याने १९०४ ते १९०७ या काळात नेरळहून वर आणलेली ही दोन फुटी रुळांची गाडी पावसाळ्यात घाटात बंद असते. २०१९ च्या पावसात मार्ग उखडला, तेव्हा नेरळपासूनची पूर्ण फेरी पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. २००३ साली हा डोंगर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला, आणि मोटारबंदी टिकावी असेच मलाही वाटते. पण अशा गावात संगणक बंद पडला की तो दुरुस्त कसा करायचा याच्या आधी तो खाली कसा न्यायचा हे ठरवावे लागते. जुलैमध्ये तर ते ठरवणेही अवघड.

म्हणून एका किरकोळ दिसणाऱ्या वस्तूबद्दल इथे मांडायचे आहे. संगणकाच्या पोटातली हार्ड डिस्क बाहेर काढून दुसऱ्या संगणकाला यूएसबीच्या तोंडाने जोडता येते, आणि त्यासाठी लागणारा अडॅप्टर दुकानात ‘साटा टू यूएसबी’ म्हणून मागतात. हा अडॅप्टर माथेरानात गावातच असावा, गावातल्या चार जणांना तो नीट वापरता यावा, आणि कुठे थांबायचे हेही त्यांना कळावे, असे माझे म्हणणे आहे. याच्या विरुद्ध असलेले मत हलके नाही. ते मी एका हिशेबनिसाच्या तोंडी घातले आहे. हॉटेल-लॉजची पुस्तके वर्षानुवर्षे सांभाळणारा, चूक झाली तर जबाब आपल्यालाच द्यावा लागतो हे जाणून बोलणारा असा हा माणूस. ही भूमिका आहे, कोणा एकाचे चित्र नाही.

हिशेबनीस : दादा, तुमचा हेतू चांगला आहे, पण माझी अडचण ऐका. माझ्या सीपीयूत टॅलीचा डेटा आहे. जीएसटीच्या कायद्यात कलम ३६ आहे. वार्षिक विवरण भरायची जी शेवटची तारीख असेल, तिथपासून ७२ महिने हिशेबाची पुस्तके जपून ठेवावी लागतात. म्हणजे सहा वर्षे. उद्या नोटीस आली तर ‘साहेब, पावसात मशीन गेलं’ हे उत्तर चालणार नाही. अशा वेळी कोणी तरी पेचकस घेऊन डबा उघडतो, डिस्क उपटतो आणि दोन वायरी लावून बघतो, हे मला मान्य नाही. मशीन आहे तसे बांधावे, घोड्यावर घालावे, दस्तुरीला टॅक्सीत ठेवावे आणि कल्याणला नाही तर लॅमिंग्टन रोडला न्यावे. चार दिवस जातील, जाऊ देत. ज्याचे काम त्याने करावे.

मी : काका, सहा वर्षांचा नियम तुम्ही सांगितलात, तिथूनच सुरुवात करू. कायद्याने जपायला सांगितली आहेत ती पुस्तके, डबा नव्हे. ती पुस्तके डिस्कवर असतात, आणि डबा बंद पडण्याची बहुतेक कारणे डिस्कच्या बाहेरची असतात. माथेरानची माती जांभ्याची. घोड्यांच्या टापांखाली तिची बारीक तांबडी धूळ होते, ती पंख्यात आणि एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यात, जाऊन बसते. पंखा जाम होतो, उष्णता साठते आणि तो डबा जळतो. पावसात लाइट जाते-येते, दाब वरखाली होतो, वीज कडाडते, तेव्हा पहिला मार एसएमपीएसला आणि मदरबोर्डला बसतो. चार महिन्यांच्या दमटपणाने रॅमच्या पट्टीच्या कडा काळवंडतात आणि पडद्यावर काहीच येत नाही. या सगळ्या प्रकारांत डिस्क ठणठणीत असू शकते. ती धुळीपासून बऱ्यापैकी बंदिस्त असते. साध्या डिस्कला हवेसाठी एक बारीक छिद्र असते, त्याला आतून गाळणी असते, आणि म्हणूनच त्या छिद्रावर स्टिकर चिकटवू नये. मग अख्खा डबा डोंगर उतरवायचा कशाला? टेबलावरच्या संगणकातली साडेतीन इंची डिस्क अर्धा-पाऊण किलोची असते, लॅपटॉपमधली अडीच इंची तर शंभर ग्रॅमच्या आसपास. दोन-चार स्क्रू आणि दोन जोडण्या काढल्या की ती सुटते. शेजारच्या लॉजवरचा चालू संगणक आणि हा अडॅप्टर एवढ्यावर तुमचा टॅलीचा फोल्डर त्याच संध्याकाळी दिसू शकतो. टॅली.ईआरपी ९ मध्ये प्रत्येक कंपनीचा पाच आकडी क्रमांकाचा फोल्डर असतो, तो पूर्ण उचलून पेन ड्राइव्हवर घेतला की पुस्तके हातात आली. डबा मग सावकाश खाली जाऊ दे, किंवा भंगारात जाऊ दे.

घोड्यावर घालून न्यायचे म्हणता, त्यातही एक गोष्ट बघा. डिस्क बंद असताना बरेच धक्के सोसते, चालू असताना फार कमी. उत्पादकांच्या कागदांत हा फरक साधारण चार-पाच पटींचा दिलेला असतो. तेव्हा उतारावरच्या हादऱ्यांनी बंद डिस्क लगेच मरेल असे मी म्हणणार नाही. पण धक्का फक्त डिस्कलाच बसतो असे नाही. जड कॅबिनेटमध्ये एखादा स्क्रू सैल असेल, प्रोसेसरवरचा पंखा लटकत असेल, तर खाली पोचेपर्यंत एका बिघाडाचे तीन झालेले असतात. उलट डिस्क एकटी काढून, स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या पिशवीत, त्यावर जाड कापड गुंडाळून न्यायची असेल तर ती खांद्यावरच्या झोळीतही नीट जाते.

हिशेबनीस : झोळीचे ठीक आहे. पण त्या अडॅप्टरने डिस्कलाच काही झाले तर? दीडशे रुपयांची वायर आणि सहा वर्षांचा हिशेब.

मी : हा आक्षेप मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण अडॅप्टर वापरणाऱ्यांच्या हातून डिस्का मरतात त्या बहुतेक इथेच. आधी वीज. अडीच इंची डिस्क पाच व्होल्टवर चालते. यूएसबीच्या जुन्या २.० तोंडातून ५०० मिलिअँपिअर मिळतात, निळ्या ३.० तोंडातून ९००. लॅपटॉपची डिस्क निळ्या तोंडावर बहुतेक वेळा निघते, जुन्या तोंडावर कधी चालू होते आणि कधी नुसती टकटकते. साडेतीन इंची डिस्कची गोष्ट वेगळी. तिला पाच व्होल्टबरोबर बारा व्होल्टही लागतात, आणि तबकड्या फिरायला सुरुवात होते त्या क्षणी बारा व्होल्टवर दोन अँपिअरपर्यंत प्रवाह ओढला जातो. म्हणजे चोवीस वॅट. यूएसबी २.० चे तोंड अडीच वॅट देते. म्हणून टेबलावरच्या संगणकाच्या डिस्कसाठी नुसती वायर चालत नाही, बारा व्होल्टचा वेगळा वीजपुरवठा सोबत असलेला संचच घ्यावा लागतो. आणि तो त्याच संचाचा हवा. घरात पडलेल्या राउटरचा किंवा सेट-टॉप बॉक्सचा चार्जर पिन बसते म्हणून लावला, आणि त्याचे व्होल्ट वेगळे निघाले किंवा टोक उलटे निघाले, तर डिस्कवरचा सर्किट बोर्ड एका क्षणात जातो. माथेरानात लाइटचा भरवसा नाही, तेव्हा हे काम यूपीएसवरच करावे. फाइली उतरत असताना वीज गेली तर डिस्कचे आणि प्रतीचे, दोन्हींचे नुकसान होते.

दुसरी गोष्ट जोडण्यांची. साटाच्या डिस्कला एल आकाराच्या दोन खाचा असतात, डेटाची सात पिनांची आणि विजेची पंधरा पिनांची. त्या उलट्या बसत नाहीत, मात्र जोर लावला तर प्लास्टिकची जीभ तुटते. २००३ नंतर साटा हळूहळू आले, त्याआधीच्या आणि लगेच नंतरच्याही बऱ्याच संगणकांत आयडीई असायचे, चाळीस पिनांची रुंद पट्टी आणि विजेची चार पिनांची मोलेक्स. त्या डिस्कला वेगळे तोंड असलेला अडॅप्टर लागतो आणि मागच्या जम्परची जागा तपासावी लागते. गेल्या काही वर्षांच्या लॅपटॉपमध्ये च्युइंगमच्या पट्टीएवढी एम.२ ची एसएसडी येते. तिच्यात साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार, दिसायला सारखे, आणि एकाचा अडॅप्टर दुसऱ्याला चालेलच असे नाही. काही लॅपटॉपमध्ये तर साठवण मदरबोर्डवरच झाळलेली असते, तिथे काढायला काही नाहीच. म्हणून ‘एक वायर सगळ्यांना’ असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. गावासाठी संच घ्यायचा तर आयडीई आणि साटा दोन्ही तोंडे असलेला, स्वतःचा बारा व्होल्टचा पुरवठा असलेला घ्यावा, आणि एनव्हीएमईचे केसिंग वेगळे. स्वस्तातली जुनी अडॅप्टर दोन टेराबाइटपेक्षा मोठी डिस्क चुकीची दाखवतात, हेही खरेदीच्या वेळी पाहायला हवे.

हिशेबनीस : एवढे सगळे पाहायचे, म्हणजे तज्ज्ञाकडेच जायला हवे, हे तुम्हीच सिद्ध करताय.

मी : एका प्रसंगी हो, आणि तो प्रसंग ओळखता येणे हाच शिकण्याचा मुख्य भाग आहे. डिस्कच्या आत तबकडीवरून वाचणारे हेड काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगत जाते. माणसाचा केस हजारो पट जाड. हेड तबकडीला घासू लागले की चालू असलेले प्रत्येक मिनिट डेटा खरवडून काढते. म्हणून जोडल्यावर कटकट, टकटक किंवा किरकिर असा ठरावीक तालात आवाज आला, डिस्क फिरून थांबून पुन्हा फिरू लागली, जळका वास आला किंवा ती पाण्यात भिजलेली असली, तर एकच काम करायचे : वीज काढायची, पुन्हा लावून बघायचे नाही, आणि ती डिस्क स्वच्छ कक्ष असलेल्या ठिकाणी पाठवायची. डिस्कचे झाकण घरी उघडायचे नाही. फ्रीजमध्ये ठेवून बघण्याचे जे उपाय फिरतात, त्यांनी दमट हवेत आत पाणी सुटते. इथे तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पण काका, हा निर्णय घ्यायला कान आणि थोडी माहिती लागते, कल्याणचे दुकान लागत नाही. डबा न उघडता खाली पाठवला, आणि तिथल्या माणसाने डिस्क बरी की आजारी हे न ऐकता चारदा चालू करून बघितले, तर आजारी डिस्क त्या चार वेळांतच जाते. तज्ज्ञाकडे पाठवायचे की नाही हे वरच ठरले, तर तज्ज्ञाच्या हातात डिस्क जास्त चांगल्या स्थितीत पोचते.

मधली एक अवस्थाही असते. डिस्क आवाज करत नाही, पण फाइली उघडायला फार वेळ लागतो, काही उघडतच नाहीत. बॅड सेक्टर वाढलेले असतात. अशा डिस्कवरून एकेक फोल्डर उचलत बसू नये. जीएनयू डीडीरेस्क्यू नावाची मोफत प्रणाली आहे, ती आधी सहज वाचता येणारा भाग पूर्ण उतरवून घेते, अवघड भागांची नोंद ठेवते आणि शेवटी त्यांच्याकडे वळते. आधी पूर्ण प्रत, मग त्या प्रतीवर शोधाशोध. हे काम अडॅप्टरपेक्षा संगणकाच्या थेट साटा जोडणीवर जास्त भरवशाचे होते, कारण अडॅप्टरमधली चिप चुका लपवते किंवा मध्येच अडकून बसते. अडॅप्टरची बाजू घेणाऱ्यानेही हे सांगायला हवे.

हिशेबनीस : बरे. पण दादा, तुम्ही मागच्या काळाचे भांडण भांडताय. आता सगळे क्लाउडवर असते. बुकिंग ऑनलाइन, पैसे यूपीआयने, फोटो मोबाइलवर. पाच वर्षांनी ही डिस्क कोणाकडे असणार?

मी : नवे काम क्लाउडवर जात आहे हे बरोबर, आणि जावे. पण क्लाउडवर काय जाते? आज तयार होते ते. २००८ चा भाडेकरार, २०१२ ची पगाराची पत्रके, शाळेचे जुने निकाल, एखाद्या मंडळाच्या उत्सवाचे फोटो हे ज्या डिस्कवर आहेत तिथेच आहेत, आणि ते क्लाउडवर पाठवायचे असले तरी आधी ती डिस्क वाचता आली पाहिजे. दुसरा मुद्दा वेगाचा. पाचशे जीबी डेटा सेकंदाला दहा मेगाबिटच्या अपलोडने वर चढवायचा, तर अखंड चालवूनही साडेचार दिवस-रात्र लागतात. तोच डेटा यूएसबी ३.० च्या अडॅप्टरने सेकंदाला शंभर मेगाबाइटने दीड तासाच्या आत उतरतो. जुन्या २.० तोंडाने तीसच्या आसपास वेग मिळतो, तरी पाच तासांत काम संपते.

आणि आपल्या भाषेपुरता एक धोका आहे, ज्याकडे फार थोड्यांचे लक्ष आहे. युनिकोड सर्वत्र रुळण्याआधी मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव, आकृती, सी-डॅकच्या आयएसएमचे सुरेख अशा फॉन्टमध्ये टंकला जायचा. त्या फाइलींमध्ये मराठी अक्षरे साठवलेलीच नसतात, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. कोणी जुन्या डिस्कवरून फक्त ‘माय डॉक्युमेंट्स’ उचलले आणि नव्या संगणकात उघडले, तर ठरावांच्या, अर्जांच्या, सभावृत्तांताच्या जागी अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. मग माणसाला वाटते फाइल खराब झाली, आणि तो ती पुसून टाकतो. खरे तर फाइल शाबूत असते. त्याच डिस्कवरच्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून तो फॉन्ट बरोबर घेतला तर मजकूर वाचता येतो, पुढे परिवर्तकाने तो युनिकोडमध्ये आणता येतो. १९९५ ते २०१० या काळातले ग्रामपंचायती, शाळा, पतपेढ्या, मंडळे यांचे संगणकावरचे बरेचसे मराठी या प्रकारचे आहे. डोंगराखालच्या दुकानदाराला तुमच्या सभावृत्तांताचे मोल ठाऊक नसते. तो ‘डेटा’ परत देईल, फॉन्ट देणार नाही. गावातला माणूस बसला तर तो विचारतो की हे वाचता का येत नाही. अडॅप्टर गावात हवा, या माझ्या म्हणण्याचे सगळ्यांत जोरदार कारण मला हेच वाटते.

हिशेबनीस : हे मला नवे आहे. आमच्या जुन्या कागदांत असे बरेच असेल. पण मग मी एक साधा मार्ग सांगतो. प्रत्येक जुन्या मशीनची डिस्क काढायची, कपाटात ठेवायची, लागेल तेव्हा तुमचा अडॅप्टर लावायचा. नवीन डिस्क घ्यायलाच नको.

मी : नाही काका, इथे मी तुमच्याविरुद्ध. अडॅप्टर डेटा बाहेर काढण्यासाठी आहे. उघड्या डिस्कला कायमची साठवण करणे म्हणजे रुग्णाला स्ट्रेचरवरच राहू देणे. दहा वर्षे चाललेली डिस्क आज चालली म्हणजे पुढच्या पावसाळ्यानंतर चालेल असे नाही. कपाटात ओल येते, जोडणीच्या पट्ट्यांवर थर चढतो. टेबलावर वायरीला लोंबकळणारी डिस्क एका धक्क्याने पडते, आणि तेव्हा ती फिरत असते. एसएसडीचे तर आणखी वेगळे : ती वर्षानुवर्षे विजेशिवाय ठेवायची वस्तूच नाही. आयुष्यभराचा ठरलेला वापर पूर्ण झालेल्या घरगुती एसएसडीने तीस अंश तापमानात विजेशिवाय एक वर्ष डेटा धरावा, एवढीच तिच्या मानकाची अपेक्षा आहे. तेव्हा जुनी डिस्क जोडायची, जे हवे ते नव्या डिस्कवर घ्यायचे, फाइली उघडून पाहायच्या, आणि दुसरी प्रत डोंगराखाली ठेवायची, नेरळला, कर्जतला, ज्या घरावर तुमचा विश्वास असेल तिथे. दोन्ही प्रती एकाच लॉजच्या एकाच खोलीत असतील, तर एक वीज किंवा एक गळके छप्पर दोन्हींना पुरते.

हिशेबनीस : आता माझा शेवटचा आक्षेप, आणि तो मी सोडणार नाही. तुमच्या त्या वायरीने पासवर्ड लागत नाही ना? म्हणजे माझ्या मशीनला पासवर्ड आहे, पण डिस्क काढली की कोणीही बघू शकतो. आमच्याकडे पाहुण्यांच्या आधार कार्डांच्या प्रती आहेत, परदेशी पाहुण्यांच्या पासपोर्टच्या प्रती आहेत. उद्या गावात चार जणांना हे आले, तर चार जणांच्या हातात किल्ली दिल्यासारखे झाले.

मी : हा आक्षेप खरा आहे. विंडोजचा पासवर्ड त्या संगणकाच्या दाराशी उभा असतो, डिस्कच्या आत नसतो. डिस्क दुसऱ्या संगणकाला लावली की फार तर ‘परवानगी नाही’ असा एक अडथळा येतो, आणि मालकी बदलून तो दूर करता येतो. पण हे आज तसेच आहे, काका, अडॅप्टर गावात असो वा नसो. ज्या दुकानात तुम्ही डबा पाठवता तिथल्या प्रत्येक टेबलावर हा अडॅप्टर आहे, आणि तिथे तुम्ही समोर नसता. भंगारात दिलेला जुना सीपीयू जिथे जातो तिथेही तो आहे. लोकांना ठाऊक नसल्यामुळे पाहुण्यांचे कागद सुरक्षित राहत नाहीत, फक्त आपण निर्धास्त राहतो. ठाऊक झाले तर दोन गोष्टी करता येतात. डिस्क कूटबद्ध करता येते. बिटलॉकर चालू असेल तर काढलेली डिस्क ४८ आकडी पुनर्प्राप्ती किल्लीशिवाय उघडत नाही. मात्र ती किल्ली कागदावर लिहून वेगळी ठेवावी लागते, नाही तर तुमचा हिशेब तुम्हालाच बंद होतो. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत हे कूटबद्धीकरण आपोआप चालू झालेले असते आणि मालकाला माहीतही नसते, म्हणून मशीन चालू असतानाच ते तपासून घ्यावे. काही तयार एक्स्टर्नल डिस्कांत तर कूटबद्ध करणारी चिप केसिंगमधल्या बोर्डवर असते. केसिंग मोडले म्हणून आतली डिस्क काढून अडॅप्टरला लावली, तर ती रिकामी दिसते. ती रिकामी नसते, तेव्हा फॉरमॅट करू नये.

दुसरी गोष्ट टाकून देण्याची. फाइली पुसणे किंवा झटपट फॉरमॅट करणे याने डेटा जात नाही. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर सगळ्या जागेवर एकदा पूर्ण लिहून काढले की पुरते, एसएसडीला तिची स्वतःची पुसण्याची आज्ञा द्यावी लागते, आणि मेलेली डिस्क असेल तर तबकडीला भोक पाडावे. त्यानंतर ती ई-कचऱ्याचे पुनर्चक्रण करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे जावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत संगणक त्यात येतात. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्याने अशी माहिती बाळगणाऱ्यावर ती सांभाळायची जबाबदारी टाकली आहे, आणि जुनी डिस्क पुसायची तरी ती आधी जोडता आली पाहिजे. त्यालाही हाच अडॅप्टर.

हिशेबनीस : म्हणजे किल्ली आहेच, आता ती कोणाच्या हातात हे बघायचे. मग माझ्या अटी लिहून घ्या. संच कोणा एका माणसाच्या घरी नको, नगरपरिषदेच्या वाचनालयात ठेवा, वहीत नोंद करून मिळेल असा. डिस्कचा मालक समोर बसल्याशिवाय जोडायची नाही. फाइली मालकाच्याच नव्या डिस्कवर घ्यायच्या, मदत करणाऱ्याच्या लॅपटॉपवर काही उरता कामा नये.

मी : मान्य, आणि त्यात माझ्या तीन घाला. जोडल्यावर विंडोज ‘दुरुस्त करू का’ किंवा ‘फॉरमॅट करू का’ असे विचारील, त्याला नाहीच म्हणायचे. शक्य असेल तिथे लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून संगणक चालू करून डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडायची, कारण विंडोज जोडताक्षणी तिच्यावर स्वतःच्या नोंदी लिहू लागते, आणि चुकून पुसलेल्या फाइली शोधायच्या असतील तर त्या नोंदी नेमक्या त्याच जागेवर बसू शकतात. तिसरी अट सीसीटीव्हीची. लॉजवरच्या डीव्हीआरमध्येही साडेतीन इंची साटा डिस्क असते, म्हणून कोणाला वाटते की तीही लावून बघू. तिची रचना विंडोजला कळत नाही. ते डिस्क नवी समजून ‘इनिशियलाइज’ करायला सांगते, आणि एका होकाराने चित्रीकरण मिळेनासे होते. ते चित्रीकरण चोरीच्या किंवा अपघाताच्या प्रकरणात लागणार असेल तर ती डिस्क गावात कोणीच जोडायची नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते, त्यात हॅश मूल्य, म्हणजे त्या नोंदीचा गणिती ठसा, द्यावे लागते. मधल्या काळात आपण तिच्यावर काही लिहिले तर तो पुरावा संशयास्पद होतो. डीव्हीआर बंद करून, आहे तसा पोलिसांच्या हवाली करायचा.

हिशेबनीस : तसेच करू. आमच्या माळ्यावर २००४ चा एक सीपीयू आहे, श्रीलिपीवाला. तो या पावसात उघडायचा का?

मी : नको. आता तो माळ्यावरून काढा, पुसून कोरड्या खोलीत ठेवा, वीज लावू नका. त्या सालची डिस्क आयडीईची असण्याची शक्यता जास्त, तेव्हा मागच्या पट्टीच्या पिना मोजा आणि वरच्या लेबलचा फोटो काढून ठेवा. ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की वाचनालयात घेऊन या, सोबत एक नवी डिस्क आणा. आधी आवाज ऐकू, मग फॉन्ट्स फोल्डर, मग बाकीचे.